कापड उरलं का?

मढला बर्फाच्या कारखान्यामागे
ऑल्विन किणीची शेड आहे.
आधी तो होड्यांना फायबर मारायचा.
आता लाटांवर उभं राहायचे पाटे करतो.
सर्फबोर्ड म्हण, असं त्यानं दहादा सांगितलं,
मी पाटाच म्हणते.
नऊ फूट दोन इंच. माझी टेप दोनदा लावावी लागते.

माझं दुकान समोरच. ब्लाउज, फॉल, पिको.
त्याला कात्री हवी होती आणि न कापणारा हात,
म्हणून मे महिन्यातल्या एका मंगळवारी
मशीनवर झाकण टाकून मी गेले.

पाटा घोड्यांवर उताणा पडला होता, पांढरा,
तासून तासून गुळगुळीत,
मधोमध लाकडाची एक बारीक रेघ.
ना गळा, ना मुंढा, ना टक्स.
इतकं सोपं माप आजवर मला कुणी दिलं नव्हतं.

गिऱ्हाइकानं कापड पाठवलं होतं,
मंगळदास मार्केटचं, मोरांचं, महाग.
ऑल्विननं कोपऱ्यावर रेझिनचा थेंब टाकला.
थेंब बसून राहिला,
अळवाच्या पानावर बसतो तसा.
"पीत नाय," तो म्हणाला. "सिल्क म्हणून फसवलंनी तिला."
मोर परत पिशवीत गेले.
"तुझ्याकडं सुती काय हाय का? पातळसं?"

आता हे सांगायलाच हवं.
माझ्या मशीनखाली एक गोणी आहे.
बायका विचारतात, कापड उरलं का?
मी म्हणते, कुठलं हो, बाह्या कशाबशा बसवल्या.

गोणीत अस्तरं होती. टू बाय टू, रुबिया.
अंजना तरेच्या मुलीच्या साखरपुड्याचं राणी,
फिलोमिनाचं मोरपंखी,
शाळेतल्या भावसार बाईंचं बदामी,
आणि एक काळं, शिवून ठेवलेलं,
जे न्यायला कुणी आलंच नाही.
ते उसवताना जरा थांबले मी.
बोटभर, वीतभर.
जन्मभर आत राहायचं कापड.

पट्ट्या कापल्या, रेघेच्या दोन्ही बाजूंना लावल्या.
शिलाईला जागा ठेवायची सवय,
ठेवली, मग हसू आलं. दोराच नव्हता कुठे.
ऑल्विननं डब्यात औषध मोजून घातलं.
"बारा मिनटं," म्हणाला,
मग पत्र्याकडे पाहून, "नऊ."

ओतलं. मधून काठाकडे ओढायचं,
पोळीवर तूप पसरावं तसं, पण घाई करून.
डोळे चुरचुरले. वासानं डोकं गरगरलं.
आणि रंग बदलले:
राणी झालं जांभळाच्या आतल्यासारखं,
बदामी जवळजवळ दिसेनाच,
त्यातून खालचा पांढरा वर आला,
मोरपंखी मात्र
फिलोमिनाच्या अंगावर कधी नव्हतं इतकं मोरपंखी.

साय धरावी तसं घट्ट व्हायला लागलं
तेव्हा त्यानं ब्लेडनं कडा कापली, एका दमात.
डावीकडे एक बुडबुडा राहिला, मसुराएवढा.
तो शिव्या देत होता.
मी म्हटलं, राहू दे, माझ्याही हातून होतात.

वरून काच चढली, काठाला काळी रेघ आली,
ब्लाउजला गोट लावतो तशी.
तिसऱ्या दिवशी मी नख मारून पाहिलं.
टक् टक्.
कापड दिसत होतं आणि हाताला लागत नव्हतं.
मला एकदम वाटलं,
हे समुद्रात जाणार, रोज जाणार,
आणि आता कधीच भिजणार नाही.
फिलोमिनाचा ब्लाउज तर
मासळी निवडतानाच चिंब होतो.

शनिवारी अंधेरीहून मुलगी आली, प्राजक्ती नावाची.
मोर कुठे गेले, विचारलं तिनं.
मग बराच वेळ काहीच बोलली नाही.
बुडबुड्यावर अंगठा ठेवून उभी राहिली.
जीपच्या टपावर पाटा बांधून गेली
अक्साच्या रस्त्यानं.

जीप वळते न वळते तोच
टोपली उतरवून फिलोमिना दुकानात.
"मागच्या येळचं अस्तर उरलं व्हतं का गं?
पिशवीला नाडी लावायचीय."

नाही, मी म्हटलं.
पहिल्यांदाच खरं बोलत होते,
आणि मानेवर घाम आला.

"बरं," ती म्हणाली, हात वर करून उभी राहिली,
"या येळी काखेत अर्धा इंच सैल ठेव."
मी टेप उचलली.
तिला रेझिनचा चिकट डाग लागला होता,
बरोबर छत्तिसावर.